गाडी आज दुसऱ्याला द्या

आमचे दोन टेम्पो तासगावचा बेदाणा वाशीला नेतात. त्यातल्या एकावरचा ड्रायव्हर परतीच्या वाटेवर पोलिसांच्या मशीनमध्ये फुंकून अडकला. रक्ताच्या 100 मिलिलिटरमागे 30 मिलिग्रॅम ही कायद्याची हद्द. त्याने ती केव्हाच ओलांडलेली. हा दंड रस्त्यावर भरून सुटता येत नाही, कोर्टात उभं राहावं लागतं. कलम 185 खाली पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद, 10,000 रुपये दंड, किंवा दोन्ही. याचं दंडावर भागलं. पैसे आम्हीच भरले, पगारातून कापायचे ठरले. ‘‘वैनी, त्यो नाका चुकवला असता तर...’’ एवढीच त्याची हळहळ. दारूचा विषयच नाही!

कोर्टाने त्याला उपचाराला पाठवलं नाही. व्यसनमुक्ती केंद्रात नेलं ते त्याच्या बायकोने, आणि दाखल झालास तरच टेम्पो, अशी अट मी घातली. परत आला तेव्हा अंग भरलेलं, हाताची थरथर गेलेली. दिवाळीपर्यंत ठीक चाललं. मग एका वरातीत प्यायला आणि तसाच मोटारसायकलवरून घरी आला. वाटेत पोलीस नव्हते. उपचारानंतर किती जण पुन्हा सापडले, एवढंच कुणी मोजलं असतं तर आमचा गडी सुधारलेल्यांत धरला गेला असता.

या वेळी मी त्याला बसवून सगळी खेप विचारून घेतली. वाशीला गाडी रात्री पोचते, माल उतरायला सकाळ होते. झोप येत नाही, बाकीचे ड्रायव्हर बाटली घेऊन बसतात. सकाळी उतरली असं वाटतं, पण उतरलेली नसते. केंद्रात हे त्याला कुणी विचारलंच नव्हतं. मग मी लायसन असलेला दुसरा माणूस सोबत द्यायला लागले. भाडं तेच, पगार दोन. सासरे अजून कुरकुरतात. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसची (एए) मीटिंग असते त्या संध्याकाळी त्याला खेप देत नाही.

परवा निघायच्या वेळी तोच म्हणाला, ‘‘वैनी, गाडी आज दुसऱ्याला द्या.’’

‘‘का रे?’’

‘‘दुपारी घेतलीय.’’

त्याच्या बायकोने कपाळावर हात मारला. मी गाडी दुसऱ्याला दिली, खेपेचा भत्ता कापला आणि त्याला कामावर ठेवला.