कॉकर सिटीचा सुतळीचा गुंडा

चि. भाचीबाईस,


तू पाठवलेल्या फोटोत मंडपाखाली जो माणसापेक्षा उंच, तपकिरी गोळा दिसतोय, तो नक्की काय आणि तिथे का, असं तू विचारलंस. कॅन्ससमधून मोटारीने जाणारे पुष्कळ लोक तिथे फोटो काढून पुढे निघतात. तू थांबून विचारलंस याचा आनंद झाला, म्हणून सगळी हकिकत लिहितो.

तो गोळा म्हणजे कॉकर सिटीचा सुतळीचा गुंडा. कॉकर सिटी हे यूएस २४ या जुन्या महामार्गावरचं, जेमतेम साडेचारशे वस्तीचं गाव. भोवती गहू, ज्वारी आणि गुरांची कुरणं. १९४० च्या सुमारास गवत उचलून, दाबून, सुतळीने आपोआप बांधणारी बेलर यंत्रं अमेरिकेत आली. हिवाळ्यात गुरांपुढे गवत टाकताना गठ्ठ्याची सुतळी कापली की तिचे तुकडे उरत. ते जनावराच्या पोटात गेले तर जिवावर बेतायचं, यंत्रात गुंतले तर काम अडायचं. त्यामुळे शेतकरी ते वेचून खुंटीला अडकवून ठेवत. ही सुतळी घायपाताच्या वाखाची असे. आपल्याकडे शेताच्या बांधावर कुंपणाला लावतात तोच घायपात, आणि त्याचं मूळ घर मेक्सिको.

त्या भागात सुतळी ही किरकोळ वस्तू कधीच नव्हती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गव्हाच्या पेंढ्या बांधायला लागणाऱ्या सुतळीचा व्यापार मोजक्या कंपन्यांच्या हातात गेला होता, आणि ऐन कापणीत भाव चढले की शेतकरी हवालदिल होत. त्यावर उपाय म्हणून मिनेसोटा आणि कॅन्सस या राज्यांनी आपापल्या तुरुंगांत सुतळीचे कारखाने काढले आणि कैद्यांनी वळलेली सुतळी शेतकऱ्यांना स्वस्तात विकली. ज्या मुलखात सरकारला सुतळीसाठी तुरुंग कामाला लावावे लागले, तिथला शेतकरी तिचा तुकडा टाकून कसा देईल?

फ्रँक स्टोबर असाच एक शेतकरी. १९५३ साली त्याने धान्याच्या कोठारात साठलेले तुकडे एकमेकांना गाठी मारून गुंडाळायला घेतले. चार वर्षांत गुंडा आठ फूट उंच झाला आणि वजन पाच हजार पौंडांवर गेलं. १९६१ मध्ये त्याने तो गावाला देऊन टाकला. गावानेही तो मुख्य रस्त्यावर आणून ठेवला.

तिकडे मिनेसोटातल्या डार्विन गावात फ्रान्सिस जॉन्सन हा शेतकरी १९५० पासून तेच करत होता. हा साधासुधा गडी नव्हता. वडील मॅग्नस जॉन्सन स्वीडनहून आलेले शेतकरी, पुढे अमेरिकेच्या सिनेटचे सदस्य झालेले. फ्रान्सिस रोज चार-चार तास गुंडाळत बसे. गोळा हलेनासा झाला तेव्हा त्याने रेल्वेचे जॅक लावून तो उचलला, म्हणजे चहूबाजूंनी सारखा गोल राहील. २९ वर्षं हे चाललं. शेवटी व्यास १२ फूट आणि वजन १७,४०० पौंड, म्हणजे जवळपास आठ टन.

स्टोबर १९७४ मध्ये वारला तेव्हा त्याच्या गुंड्यात १६ लाख फूट सुतळी होती आणि व्यास ११ फूट होता. जॉन्सनच्या शेवटच्या व्यासाला एक फूट कमी पडला. कॉकर सिटीने मग जे ठरवलं ते मला या सगळ्या प्रकरणातलं सर्वांत सुंदर वाटतं: कर्ता गेला तरी काम थांबवायचं नाही. दर ऑगस्टमध्ये तिथे सुतळी गुंडाळायचा उत्सव भरतो. गावकरी, पाहुणे, वाटसरू सगळे आपापला तुकडा बांधून गुंड्याभोवती फिरतात. वजन आता नऊ टनांच्या पुढे गेलं आहे.

मग जगातला सर्वांत मोठा कोणता? इथे भांडण आहे आणि ते रंगतदार आहे. डार्विनचा गुंडा एकट्या माणसाने वळलेल्यांमध्ये मोठा, असं त्या गावाचं म्हणणं. तो आता काचेच्या खोलीत आहे, हात लावता येत नाही. मिसूरीतल्या ब्रॅन्सनला रिप्लीच्या संग्रहालयात टेक्सासहून आणलेला एक आहे, पण तो प्लॅस्टिकच्या दोरीचा. विस्कॉन्सिनच्या जेम्स कोटेराने १९७९ पासून २०२३ मध्ये मरेपर्यंत एकट्याने गुंडाळलं आणि आपलाच सर्वांत जड असल्याचा दावा केला. जॉन्सनच्या चिकाटीला माझा नमस्कार आहे. तरी माझं मत कॉकर सिटीला. काचेआडची वस्तू बघून संपते. कॉकर सिटीच्या गुंड्यात तुझ्या हातचे चार फूट जाऊ शकतात, म्हणून पुढच्या वेळी फोटोवर भागवू नकोस. गावात सुतळी मागितलीस तर मिळेल.

गावाला याची गरजही आहे. इंटरस्टेट ७० दक्षिणेला दूरवरून जातो, त्यामुळे परगावची मोटार इथे सहज येत नाही, मुद्दाम वाट वाकडी करून यावं लागतं. शेतं मोठी झाली, शेतकरी कुटुंबं कमी झाली, आणि दुकानं रिकामी पडली. गावकऱ्यांनी फुटपाथवर सुतळीची रंगीत रेघ ओढली आणि त्या दुकानांच्या काचांमागे नामांकित चित्रांच्या नकला मांडल्या, प्रत्येकीत कुठेतरी सुतळीचा गुंडा.

तिथवर गेलीस तर दक्षिणेला तासाभराच्या आत लुकस गाव आहे, ते चुकवू नकोस. यादवी युद्धात लढलेल्या सॅम्युएल डिन्समूरने तिथे १९०७ पासून आपल्या घराभोवती काँक्रीटची झाडं आणि माणसं उभी करून ‘गार्डन ऑफ ईडन’ रचलं. त्याच गावात एका कलावतीचं छोटं संग्रहालय आहे: रस्त्याकडेच्या ‘जगातल्या सर्वांत मोठ्या’ वस्तूंच्या सर्वांत छोट्या प्रतिकृतींचं. ती मूळ वस्तू बघायला जाते, तिची चिमुकली प्रत बनवते आणि मग ती प्रत घेऊन परत मूळ जागी जाऊन दोघांचा एकत्र फोटो काढते. आपल्या गुंड्याची प्रतही तिच्याकडे आहे. निघण्याआधी फोन करून जा. अशी ठिकाणं एक-दोन माणसंच चालवतात आणि हिवाळ्यात बरीच बंद असतात.

तुझा,
मामा