जिरेनियमचा पावसाळा

लोंबत्या जिरेनियमवरचा कुठलाही व्हिडिओ लावा, अर्धा वेळ हिवाळ्यावरच जातो. हिम पडायच्या आत कुंड्या घरात घ्या, फांद्या तिसऱ्या हिश्शापर्यंत छाटा, 5 ते 10 अंशांच्या उजेडाच्या खोलीत ठेवा, पाणी जवळजवळ बंद करा. काही जण तर झाड मुळांसकट उपटतात, माती झटकतात, कागदी पिशवीत घालून तळघरात टांगतात आणि मार्चमध्ये पुन्हा लावतात. म्युनिकजवळ राहणारी माझी आपा हे सगळं दरवर्षी करते. तिच्याकडे तळघर आहे. माझ्याकडे कोंढव्यात तिसऱ्या मजल्यावर साडेतीन फुटांची गॅलरी आहे. पुण्याचा हिवाळा तर या झाडाची ईदच! नोव्हेंबर ते फेब्रुवारी ते नुसतं फुलत असतं. आपली परीक्षा जूनमध्ये सुरू होते.

हे झाड मूळचं दक्षिण आफ्रिकेच्या केपकडचं. पान आयव्हीसारखं कोनांचं, जाड, गुळगुळीत; त्यात पाणी साठवलेलं असतं. 1700 च्या सुमारास ते हॉलंडला पोचलं आणि तिथून युरोपभरच्या सज्जांवर लोंबायला लागलं. लिनिअसने 1753 मध्ये त्याला जिरेनियमच्या घरात बसवलं. 1789 मध्ये लेरितिए या फ्रेंच शास्त्रज्ञाने त्याचं पेलार्गोनियम असं वेगळं घर केलं, पण नर्सरीवाला अजून जुनंच नाव घेतो. दोन्ही नावं ग्रीक भाषेतल्या लांब चोचीच्या पक्ष्यांवरून आली, एक क्रौंच आणि एक करकोचा, कारण बी धरलं की ते चोचीसारखं दिसतं. करकोच्याला उर्दूत लकलक म्हणतात. हा शब्द फळ्यावर लिहिला की माझा आठवीचा वर्ग दोन मिनिटं हसत असतो.

माझ्याकडचं झाड अम्मीचं. ती पाचगणीची. तिच्या माहेरच्या पडवीत याच्या कुंड्या टांगलेल्या असायच्या. पावसाळ्याआधी पडवीला गवताच्या झड्या बांधायचे, त्यामुळे झाडापर्यंत पाऊस यायचाच नाही. लग्नानंतर तिने एक फांदी आणली आणि पुढे आमच्या प्रत्येक भाड्याच्या घरात ती कुंडीतून कुंडीत जात राहिली. फूल फिकं गुलाबी, वरच्या दोन पाकळ्यांवर गडद रेघा. अम्मी दोन वर्षांपूर्वी गेली. आपा पोचली तेव्हा दफन होऊन दोन दिवस झाले होते. परत निघताना तिने फक्त एक वीतभर फांदी मागितली, आणि तीही नेता आली नाही. डिसेंबर 2019 पासून युरोपियन युनियनमध्ये प्रवाशाच्या सामानातल्या रोपालाही वनस्पती-आरोग्याचं प्रमाणपत्र लागतं. आपा नियम पाळणारी. "तू संभाळ, मी येऊन बघेन," म्हणाली.

तेव्हापासून मी पावसाळ्याकडे वेगळ्या नजरेने बघते. युरोपातली पिशवीची युक्ती आपल्याकडे चालणार नाही, कारण झोपायला झाडाला थंडी लागते आणि आपल्या जुलैत उकाडाही असतो, ओलही असते. त्या सल्ल्यातलं आपल्या कामाचं तेवढं घ्यायचं: छाटणी आणि कोरडं ठेवणं. मी मे संपताना फांद्या निम्म्या करते. कुंड्या कठड्यावरून काढून आतल्या भिंतीला लावते, जिथे सकाळचा उजेड येतो पण पावसाची झड पोचत नाही. कुंडी मातीचीच, प्लास्टिकची लवकर सुकत नाही. माती, गांडूळखत आणि जाड वाळू सारख्या भागांत. खालची बशी या चार महिन्यांत काढूनच टाकायची. पाण्याच्या बाबतीत अम्मीचा शब्द प्रमाण: "पत्ता जरा नरम पडे तक पानी नक्को डाल." पानाखाली खरखरीत फोड दिसले तर तो रोग नव्हे; मुळांनी ओढलेलं पाणी दमट हवेत पानाबाहेर पडत नाही, म्हणून पेशी फुटतात. पाणी कमी केलं की नवी पानं स्वच्छ येतात. बुंधा जमिनीपासून काळा पडत वर चढू लागला, तर मात्र ते झाड वाचत नाही.

म्हणून खरा विमा फेब्रुवारीतच उतरवायचा. फूल नसलेली चार बोटं लांबीची फांदी पेराच्या खाली कापायची, खालची पानं काढायची, काप सावलीत काही तास सुकू द्यायचा आणि ओलसर वाळूत खोचायची. वरून प्लास्टिक झाकायचं नाही. गुलाबाला ते मानवतं, हिला नाही. तीनेक आठवड्यांत मुळं धरते.

गेल्या ऑगस्टमध्ये अम्मीच्या हातची कुंडी बुंध्यातून काळी पडली. टोकं अजून हिरवी होती. काळ्या भागापासून बरंच वर कापून मी पाच फांद्या लावल्या, त्यातल्या दोन जगल्या. फेब्रुवारीतल्या तीन होत्याच. आपाला फोनवर सांगितलं तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही. मग विचारलं, "रेघा आहेत ना वरच्या पाकळ्यांवर?"

"आहेत," म्हटलं.

ती यंदा डिसेंबरमध्ये येते आहे. पाचही कुंड्या सध्या भिंतीला आहेत. मंगळवारपासून पाऊस थांबलेला नाही, आणि मी सहा दिवसांत त्यांना थेंबभर पाणी घातलेलं नाही.