नावात तफावत

मनुष्य मेल्यावर त्याची पत्नी ही त्याचीच पत्नी होती हे सिद्ध करण्याचा प्रसंग एखाद्या कुटुंबावर यावा, आणि तोही ज्याने सतरा वर्षे सरकारची बंदूक खांद्यावर वाहिली अशा मनुष्याच्या कुटुंबावर यावा, ही गोष्ट घडून काही वर्षे लोटली असली तरी माझ्या मनातून अद्याप जात नाही. उपनगर जिल्ह्याच्या महसूल दफ्तरात हयात घालवून मी अव्वल कारकून म्हणून सेवानिवृत्त झालो; दाखले, फेरफार आणि प्रतिज्ञापत्रे यांच्याशी माझा आयुष्यभराचा सहवास. तेव्हा मला कागदाचा तिटकारा आहे, असे कोणी समजू नये.

बोरिवली पूर्वेच्या आमच्या इमारतीत तो भाड्याने राहावयास आला तो 2017 साली. त्याला सारे फौजीच म्हणत, आणि मीही येथे तसेच म्हणतो. सातारा तालुक्यात मिलिटरी अपशिंगे म्हणून गाव आहे. पहिल्या महायुद्धात त्या एका गावची 46 माणसे कामी आली. त्याच्या आसपासच्याच एका वाडीतला हा. एकोणिसाव्या वर्षी मराठा लाइट इन्फन्ट्रीत भरती, बेळगावला प्रशिक्षण, लगेच 2001-02 च्या ऑपरेशन पराक्रमच्या वेळी सीमेवरची ती लांबलेली तैनाती, मग काश्मीर, मग ईशान्येकडे, आणि छत्तिसाव्या वर्षी पेन्शन. पुढचे सर्वांस ठाऊक असते. मालाडच्या एका मॉलमध्ये तो सुरक्षारक्षक म्हणून लागला, आणि ज्याच्या हाताखाली काल नवे रंगरूट होते तो मनुष्य मोटारींच्या डिक्क्या उघडून पाहू लागला.

शिपायाला वर्षाकाठी साठ दिवसांची वार्षिक आणि तीस दिवसांची नैमित्तिक रजा असते, आणि तीही मिळेल तेव्हा खरी. त्यामुळे थोरल्या मुलीचे बालपण त्याने बहुतांशी टेलिफोनवरूनच ऐकले होते. ती तूट भरून काढण्याच्या त्याच्या खटाटोपाचे मला कधी हसू येई, कधी नवल वाटे. पहाटे उठून पाणी भरावे, दोन्ही मुलांच्या बुटांना पॉलिश करावे, मुलीच्या दोन वेण्या इतक्या घट्ट घालाव्या की शाळेतल्या बाईंनी त्या कोणी घातल्या म्हणून विचारावे, आणि पालकसभेला बहुतेक आयाच जमलेल्या असताना या गृहस्थाने हातात वही घेऊन पहिल्या बाकावर बसावे, असा त्याचा क्रम असे. मुलाने अंथरुणाची घडी वाकडी घातली की तो ती मोडून पुन्हा घालावयास लावी. मुलगा रडे, आई संतापे, आणि शेवटी घडी फौजीच घाली. तो संत होता असे मात्र नव्हे. पाण्याच्या पंपाच्या वेळेवरून त्याने सोसायटीच्या सेक्रेटरींशी जिन्यात केलेले भांडण तिसऱ्या मजल्यापर्यंत ऐकू आले होते, आणि माझ्या मते चूक त्याचीच होती.

2018 च्या ऑगस्टमध्ये मिरा रोडचे मेजर कौस्तुभ राणे काश्मीरच्या गुरेझ भागात घुसखोरी रोखताना धारातीर्थी पडले. वय 29, मागे पत्नी कनिका आणि लहानगा मुलगा. अंत्यदर्शनाला मी आणि फौजी गेलो. रस्ता माणसांनी फुललेला, घोषणा चाललेल्या, आणि प्रत्येक हात उंच झालेला तो पुष्पे वाहण्यासाठी नव्हे तर मोबाइलवर छायाचित्र टिपण्यासाठी. मला त्या गर्दीचा उबग आला आणि मी तसे बोलून दाखविले. फौजी काही बोलला नाही. गर्दीच्या कडेला तो सावधान उभा राहिला तो शवपेटी दिसेनाशी होईपर्यंत. परतताना गाडीत एवढेच म्हणाला, “काका, साहेबांसोबत तीन जवान पण गेले. त्यांची नावं माहितीत का तुम्हाला?” मला माहीत नव्हती. त्याने ती सांगितली: रायफलमन मनदीपसिंह रावत, रायफलमन हमीरसिंह, गनर विक्रमजीतसिंह.

फौजी स्वतः गेला तो 2022 च्या पावसाळ्यात, वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी, रात्रपाळीहून परतून बूट काढता काढता, हृदयविकाराने. दौलतनगरच्या स्मशानात आम्ही इमारतीतले काहीजण, गावाकडून आलेले नातेवाईक आणि मॉलमधले त्याचे दोन सोबती एवढेच होतो. तेथे बसलो असताना, ज्या गर्दीचा मला मिरा रोडला उबग आला होता तीच गर्दी येथे असावयास हवी होती असे मला वाटले. मोबाइल उंचावलेले असते तरी चालले असते.

आता त्या मुख्य गोष्टीकडे येतो. निवृत्त सैनिक वारला की त्याच्या पत्नीला कुटुंबनिवृत्तिवेतन सुरू व्हावयास हवे. तिचे नाव पतीच्या पीपीओवर, म्हणजे पेन्शन देण्याच्या आदेशपत्रावर, आधीच नोंदलेले असते, म्हणून मृत्यूचा दाखला आणि ओळखीचा पुरावा दिला की काम होते, असा माझा समज होता. ज्या बँकेत पेन्शन जमा होई तिचे नाव मी लिहीत नाही. तिथल्या तरुण अधिकारीबाईंनी कागद सौजन्याने घेतले, वाचले, आणि म्हणाल्या, “पीपीओवर एक नाव आहे, आधारवर दुसरंच. या दोन वेगळ्या व्यक्ती आहेत.”

वस्तुस्थिती अशी होती. आपल्याकडे लग्नात नवऱ्या मुलीचे नाव बदलण्याची चाल. ताटात तांदूळ पसरून अंगठीने नवे नाव लिहावयाचे, पेढे वाटावयाचे. फौजीच्या लग्नातही तसेच झाले. रजा संपवून पलटणीत रुजू झाल्यावर त्याने लग्नाची वर्दी दिली ती या नव्या नावाने, आणि सैन्याच्या दप्तरी तेच चढले. इकडे पत्नीचे आधारकार्ड निघाले ते शाळा सोडल्याच्या दाखल्यावरून, त्यावर माहेरचे नाव. घरात दोन्ही नावांनी हाक मारली तरी ती ओ देत असे, म्हणून हा फरक कोणाला खुपला नाही.

मी त्या अधिकारीबाईंना विचारले, “आपल्या मातोश्रींचे माहेरचे नाव काय?” त्या हसल्या. “आईचीही दोन नावं आहेत, काका,” असे म्हणून त्यांनी दोन्ही सांगितली. मला वाटले, काम झाले. त्यांनी अर्जावर ‘नावात तफावत, अर्ज परत’ असा शेरा मारला आणि कागद माझ्याकडे सरकविला.

मी त्या बाईंना दोष देत नाही. भलत्याच स्त्रीने मृताची पत्नी म्हणून पेन्शन उचलल्याची प्रकरणे होत असतात. तसदीक करावयासच हवी, आणि मी त्या खुर्चीवर असतो तर बहुधा हेच केले असते. आम्ही दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र केले. ते पुरेसे नाही असे उत्तर मिळाले. पोलीस पाटलाचा दाखला आणला; त्यावर तारखेत खाडाखोड निघाली. लग्नपत्रिका नेली, पत्रिकेत छापलेले असते ते माहेरचेच नाव, म्हणजे तिने उलट तफावतच सिद्ध केली! साक्षीसाठी गावाहून सासूबाई आल्या. त्यांना सारा प्रकार समजावून सांगावयास मला बराच वेळ लागला, आणि समजल्यावर त्या बँकेत सर्वांदेखत म्हणाल्या, “माझ्या सुनंला मी वळखत न्हाई व्हय? ते नाव मीच ठिवलं हुतं की.” त्यांची साक्ष घेण्याची तरतूद कोठल्याच नमुन्यात नव्हती.

या अवधीत घर चालत होते ते फौजीच्या पत्नीने एका पोळी-भाजी केंद्रात पोळ्या लाटण्याचे काम धरल्यामुळे. 2020 च्या नोव्हेंबरमध्ये कनिका राणे चेन्नईच्या अकादमीतून लेफ्टनंट होऊन बाहेर पडल्या, तेव्हा फौजीने वर्तमानपत्रातले त्यांचे छायाचित्र कापून कपाटाला आतून चिकटविले होते. ते अजून तेथेच होते. मी त्याकडे पाहात आहे असे दिसताच पत्नी म्हणाली, “मी दहावी पण नाही, काका.”

वाट सापडली ती जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात. तेथील एका निवृत्त सुभेदाराने फौजीचे डिस्चार्ज बुक उघडून दोन मिनिटांत दुखणे ओळखले, बेळगावच्या अभिलेख कार्यालयास स्वतःच्या हाताने पत्र लिहिले, विवाहनोंदणीचा दाखला आणि राजपत्रातील नावबदलाची सूचना जोडावयास सांगितले, आणि पुढच्या वर्षी दुरुस्त पीपीओ आला. थकबाकीही मिळाली. तेव्हा अन्याय दूर झाला असे म्हणावयास हरकत नाही. तरीही माझा राग गेला नाही. मघाशी त्या अधिकारीबाईंना मी निर्दोष ठरविले, पण सासूसमोर, मुलांसमोर ‘या दोन वेगळ्या व्यक्ती’ हे वाक्य त्यांनी पुनःपुन्हा उच्चारले नसते तर नियमाचे काय बिघडले असते, हे मला अजून उमगलेले नाही. आणि नाव बदलण्याची ही चाल तर बंद व्हावी. लग्नानंतर स्त्रीने नाव बदललेच पाहिजे असे कोणताही कायदा सांगत नाही.

माझ्या वाचकांत कोणी माजी सैनिक असतील, किंवा ज्यांचे वडील, भाऊ, जावई फौजेतून आलेले आहेत असे कोणी असतील, तर त्यांनी पेटीत तळाशी ठेवलेला पीपीओ आजच काढावा. पत्नीचे त्यावरील नाव आणि जन्मतारीख तिच्या आधारकार्डाशी अक्षरन् अक्षर ताडून पाहावी. आणि फरक आढळल्यास पतीनेच, आपल्या हयातीत, आपल्या सहीने अभिलेख कार्यालयाकडे दुरुस्तीचा अर्ज करावा. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय या कामी मदत करते आणि त्याचे शुल्क घेत नाही.