हलगीचा वाटा

टेंभुर्णीकरांनो, पोस्ट लांबली आहे, पण वाचा. बँजो पार्टी चालवणाऱ्या पोरांनी तर नक्कीच वाचा.

आपल्याकडची एक पार्टी फुटली. नावं घेत नाही, दोन्हीकडचे माझेच दोस्त आहेत. पाच जण दहा-बारा वर्षं एकत्र वाजवत होते. हळद, वरात, जयंती, पोळा, गणपती. जाफराबादपासून देऊळगाव राजापर्यंत सुपाऱ्या. पैशावरून कधी भांडण झालं नाही. वरात संपली की डिझेल आणि जेवणाचा खर्च बाजूला काढायचा, उरलेले पैसे टेंपोच्या फाळक्यावर ठेवून तिथंच वाटून घ्यायचे. गाणारा थोडे जास्त घ्यायचा, हलगीवाल्याला थोडे कमी. का कमी, ते कुणी विचारलं नाही. हलगीवाल्याचा हिशेबही शेवटी आणि ताटही शेवटी, ही गावगाड्याची जुनी खोड. ती टेंपोत पण चढून बसली.

मग त्यांनी पोळ्याचं एक गाणं केलं. शब्द आणि चाल कॅसिओवाल्याची, गळा गाणाऱ्याचा, रेकॉर्डिंगचा खर्च पाचही जणांचा. टाकलं मात्र गाणाऱ्याच्या भाच्याच्या चॅनलवर. यूट्यूबवर जाहिरातीचे पैसे मिळायला १००० सबस्क्रायबर आणि वर्षभरात ४००० तास पाहिलं जाणं लागतं. भाच्याचं चॅनल आधीच तेवढं चाललेलं. गाणं चाललं, पैसे आले, ते भाच्याच्या खात्यात. आता एकाच नावाच्या दोन पार्ट्या झाल्यात, आणि दोन्हीही तेच गाणं वाजवतात.

मिटवायला मला बोलावलं होतं. हॉटेलवर चार-पाच चहा झाले. गाणारा म्हणे, लोक माझा आवाज ऐकतात. कॅसिओवाला म्हणे, शब्दच नसते तर काय गुणगुणला असता का? ऑक्टोपॅडवाला आणि ढोलकीवाला आलटून पालटून दोघांच्या बाजूनं. हलगीवाला गप्पच. शेवटी एवढंच बोलला, "भाऊ, गाण्यातून हलगी काढून दाखवा, मग कोण नाचतंय ते बघू." त्यावर कुणाकडं उत्तर नव्हतं. बैठक तिथंच मोडली.

हे भांडण काही आपलंच नाही. साठच्या दशकात मुंबईत लतादीदी आणि रफीसाहेब यांचं रॉयल्टीवरूनच वाजलं होतं. दीदींचं म्हणणं, रेकॉर्ड विकली जाते तोवर गायकालाही त्यातला वाटा मिळाला पाहिजे. रफीसाहेबांचं म्हणणं, ठरलेले पैसे हातात पडले, विषय संपला. काही वर्षं दोघं एकत्र गायलेच नाहीत. दोघंही आपापल्या जागी खरे होते, पण माझं मत विचाराल तर दीदींना पुढचं दिसत होतं. २०१२ साली कॉपीराइट कायदा बदलला तेव्हा गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीचा हक्क पक्का झालाच, आणि कलाकाराच्या सादरीकरणातून धंदा होत असेल तर त्यालाही रॉयल्टी, हे कायद्यात आलं. कलाकार म्हणजे कोण याची यादीच कायद्यात दिलेली आहे. त्यात गायक आहे, वादक आहे, नर्तक आहे, कसरत करणारा आहे, गारुडीसुद्धा आहे. म्हणजे गारुड्याची पुंगी चालते, मग आपली हलगी का नाही?

आता जरा लांबचं उदाहरण, पण आपल्या पार्टीला एकदम लागू पडणारं. इंग्लंडात मँचेस्टरला द स्मिथ्स नावाचा रॉक बँड होता. चार जण. १९८७ मध्ये फुटला. गाणारा मॉरिसी आणि गिटारवाला जॉनी मार हे दोघं वाजवण्याच्या कमाईतले चाळीस-चाळीस टक्के घेत, ड्रमवाला आणि बेसवाला यांना दहा-दहा. ड्रमवाला माइक जॉइस कोर्टात गेला. १९९६ मध्ये निकाल लागला: वेगळं काही ठरल्याचं सिद्ध होत नाही, तर चौघं सारखे भागीदार, याला पंचवीस टक्के द्या. मात्र गाणी लिहिण्याची रॉयल्टी लिहिणाऱ्यांकडेच राहिली, तो वाद त्यात नव्हताच.

तो निकाल त्यांच्या १८९० च्या भागीदारी कायद्यावर होता. आपला १९३२ चा कायदा त्याच्याच वळणाचा. कलम १३ सांगतं, वेगळा करार नसेल तर नफ्यात सगळ्यांचा वाटा सारखा. (तोट्यातही सारखा, हे पण लक्षात ठेवा.) सुपारीत गाणारा जास्त घ्यायचा आणि कुणी हरकत घेतली नाही, म्हणून तिथं तसंच ठरलं होतं असं तो म्हणू शकेल. यूट्यूबच्या पैशाचं मात्र कुणी, कधी, काहीच ठरवलं नव्हतं. आणि चॅनल ज्याचं त्याचंच गाणं, असं तर कुठल्याच कायद्यात नाही. अर्थात कोर्टाची पायरी चढायची म्हटली तर वकिलाची फी त्या गाण्याच्या कमाईपेक्षा जास्त व्हायची, ते वेगळंच.

म्हणून म्हणतो, रेकॉर्डिंगला जायच्या आधी एक कागद करा. शब्द कुणाचे, चाल कुणाची ते नावानिशी लिहा. त्याचा वाटा वेगळा धरा, कॅसिओवाल्याचं म्हणणं तेवढं रास्त आहे. गाण्या-वाजवण्याचा वाटा वेगळा, त्यात हलगीही धरा. खर्च कुणी किती घातला ते लिहा. चॅनल कुणाचं, पैसे कुणाच्या खात्यात येणार आणि किती दिवसांनी वाटणार तेही लिहा. एखादा पार्टी सोडून गेला तर जुन्या गाण्यांचा त्याचा वाटा चालू राहणार की नाही, आणि पार्टीचं नाव कुणाकडं राहणार, ही दोन कलमं अजिबात विसरू नका, सगळी भांडणं तिथूनच सुरू होतात. पारंपरिक चाल असेल तर ती स्वतःच्या नावावर लावू नका, ती बापजाद्यांची आहे.

सगळ्यांच्या सह्या, दोन साक्षीदार. कागदाचा नमुना मी मराठीत तयार केलाय, एका वकील मित्रानं तपासून दिलाय. पाहिजे त्यानं इनबॉक्समध्ये नंबर टाका, पाठवतो. आणि कॉमेंटमध्ये त्या पाच जणांची नावं लिहू नका, पोळ्याच्या आधी त्यांना परत एकदा बसवायचं चाललंय.