धनी उशिरा येतो तेव्हा

सोलापूर, बुधवार, ८ नोव्हेंबर २०२३

गाझात युद्ध पेटल्याला महिना झाला. तेव्हापासून मंडळीच्या व्हॉट्सॲप गटावर दुसरा विषयच नाही. नकाशे, लाल बाण, दानीएलचे आठवडे, प्रकटीकरणातली शिंगं. आज सकाळी आलेल्या चित्रफितीत एक परदेशी उपदेशक फळ्यावर सालं मांडत होता. खाली मराठीत मजकूर होता, की आता थोडेच दिवस उरलेत, दहा जणांना पुढे पाठवा.

महिला वर्गातल्या काही जणी खरोखर घाबरल्यात. एकीने विचारलं, "बाई, मुलीचं लग्न मे महिन्यात धरलंय. ते करावं का?" मी म्हटलं, कार्यालयाचा इसार दिलास ना? मग कर.

पाळकसाहेबांचा निरोप आला. पुढचे तीन रविवार मत्तयाचा पंचविसावा अध्याय आहे आणि महिला वर्गात तो मी घ्यायचा. दहा कुमारी, तालांत, मेंढरं आणि शेरडं. त्याला चोविसाव्याच्या शेवटचा कारभारी जोडला की चार गोष्टी होतात. जैतुनांच्या डोंगरावर शिष्यांनी "हे केव्हा होणार?" असं विचारलं, त्यावरचं हे उत्तर. ती घटका देवदूतांनाही ठाऊक नाही, पुत्रालाही नाही, हे तिथेच सांगून टाकलंय. फळ्यावर सालं मांडणारे नेमकं तेवढंच वाक्य ओलांडून पुढे जातात.

गुरुवार, ९ नोव्हेंबर

आमच्या मंडळीचं मूळ अमेरिकन मराठी मिशनमध्ये. ती माणसं १८१३ साली मुंबईत उतरली, १८३१ मध्ये नगरला त्यांनी ठाणं केलं, १८४२ मध्ये तिथून 'ज्ञानोदय' हे नियतकालिक काढलं आणि पुढे सोलापुरास आली. त्याच काळात तिकडे त्यांच्या देशात विल्यम मिलर नावाचा एक शेतकरी शास्त्रातल्या आकड्यांवरून जगाच्या शेवटाचं गणित सोडवत होता. त्याच्या अनुयायांनी शेवटी २२ ऑक्टोबर १८४४ ही तारीख धरली. हजारो लोक वाट पाहत बसले. कित्येकांनी शेतातलं उभं पीक काढलं नाही. २३ तारीख उजाडली, नेहमीसारखीच.

नगरचा छापखाना मात्र त्या सालीही चालूच होता. मला आमच्या मंडळीच्या इतिहासातली ही बाजू आवडते.

शुक्रवार, १० नोव्हेंबर, धनत्रयोदशी

रात्री अडीचला नळ आला. सोलापुरात पाणी चार-पाच दिवसांनी येतं आणि कुठल्या वेळी येईल ते उजनीची जलवाहिनी, टाकळी आणि हिप्परगा यांचं त्या दिवशी जे काही जमेल त्यावर. म्हणून कुणी रात्रभर नळाशी बसून राहत नाही. निजायच्या आधी घागरी विसळून ठेवायच्या, पाइप जोडून ठेवायचा, बॅरल मोकळं करायचं. मग खुशाल झोपायचं. शेजारच्या पद्मशाली काकू दारावर एक थाप मारतात, तेवढं पुरतं.

रविवारच्या पाठासाठी याहून वेगळं उदाहरण मी शोधत नाही.

रविवार, १२ नोव्हेंबर, लक्ष्मीपूजन

योगायोग असा की दहा कुमारींचा, म्हणजे दहा दिवट्यांचा दाखला नेमका आज आला. उपासनेला जाताना टिळक चौकाकडे पणत्या, केरसुण्या, लाह्या-बत्ताशांची गर्दी. आमच्या वर्गातल्या निम्म्या जणी शेजारपाजारचा फराळ खाऊनच आल्या होत्या.

मी सगळ्यांना एकच प्रश्न विचारला: झोपलं कोण? सगळ्यांनी उत्तर दिलं, मूर्ख कुमारी. मग पुन्हा वाचायला लावलं. दहाच्या दहा झोपल्या होत्या. शहाण्याही पेंगल्या आणि निजल्या आणि त्यांना कुणी रागावलं नाही. फरक जागेपणाचा नाहीच. पाच जणी उशीर धरून आल्या होत्या, पाच जणींनी तो धरला नव्हता. नवरदेव आता येईल, इतक्यात येईल, मग जादा तेल कशाला, असा ज्यांचा हिशेब होता त्या मूर्ख ठरल्या. म्हणजे उतावीळ माणूस या गोष्टीत तयारीचा नमुना नाही, उलट तोच दाराबाहेर राहतो. आमच्या गटावरच्या बाणवाल्यांना हे सांगायला हवं. सांगितलंही, त्यांच्या बायका वर्गातच होत्या.

"पण शहाण्यांनी थोडं तेल दिलं का नाही?" हा प्रश्न आला, तो दरवेळी येतोच. खरंच, कंजूषपणा वाटतो. चौथ्या शतकातला योहान ख्रिसोस्तोम म्हणाला, तेल म्हणजे दानधर्म आणि तेल विकणारे म्हणजे गरीब लोक. ज्यांच्याकडून ते घ्यायचं ते आयुष्यभर दारात उभे असतात, मध्यरात्री दुकानं बंद होतात. ऑगस्टिनने तेलाचा अर्थ प्रीती असा लावला. ल्यूथरच्या परंपरेत तेल म्हणजे विश्वास. मला ख्रिसोस्तोमचं म्हणणं पटतं, कारण त्यात तेलाला बाजार आहे, विकणाऱ्याला चेहरा आहे.

घरी येताना शेजारी पूजा आटोपली होती. काकूंनी चिवड्याचा डबा हातात दिला.

गुरुवार, १६ नोव्हेंबर

दिवाळी संपली. दुपारभर पंडिता रमाबाईंविषयी वाचत होते. चोविसाव्या अध्यायातल्या कारभाऱ्याला नेमून दिलेलं काम काय? घरातल्या सगळ्यांना वेळच्या वेळी अन्न देणं, एवढंच. धनी परत येतो तेव्हा तो प्रार्थनेत नसतो, गच्चीवर आभाळाकडे बघत नसतो, ताटं वाढत असतो. आणि दुसरा कारभारी, धनी लांबला असं म्हणून सोबतच्या नोकरांना मारायला लागतो. धनी लांबल्यावर माणूस हाताखालच्यांशी कसा वागतो यावर सगळा निकाल.

रमाबाईंनी १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत उपाशी बायामुली केडगावला आणल्या. मुक्ती सदनातली संख्या दोन हजारांच्या घरात गेली. जून १९०५ मध्ये तिथे मोठं आत्मिक जागरण झालं. मुली रात्र-रात्र रडत, प्रार्थना करत. प्रभू आता येणार अशी हवा देशोदेशीच्या ख्रिस्ती लोकांत होती. त्या हवेतही केडगावचा छापखाना, शेती, विणकाम आणि शाळा चालत राहिली. रमाबाई स्वतः हिब्रू आणि ग्रीक शिकून साध्या बायांना कळेल अशा मराठीत बायबलचं भाषांतर करत बसल्या होत्या. जुलै १९२१ मध्ये एकुलती मुलगी मनोरमा गेली. भाषांतराचं काम हातावेगळं करूनच ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या.

उद्या प्रभू येणार असं मनापासून मानणारी बाई वर्षानुवर्षं मुद्रितं तपासते. या चार दाखल्यांवरचं याहून चांगलं भाष्य मराठीत झालेलं नाही.

रविवार, १९ नोव्हेंबर

वर्ग लवकर संपवा, दोनला क्रिकेट विश्वचषकाची फायनल आहे, असं पुरुषमंडळींनी आधीच बजावलं होतं. तालांताचा दाखला घाईत घ्यावा लागणार असं वाटलं होतं. झालं उलटंच.

आधी हिशेब सांगितला. एक तालांत म्हणजे सहा हजार दिनार. एक दिनार ही मजुराची दिवसाची मजुरी. शब्बाथ आणि सण वगळले तर सुमारे वीस वर्षांची कमाई. तेव्हा एकच तालांत मिळालेला आणि तो जमिनीत पुरून ठेवणारा तिसरा दास बिचारा नव्हता, त्याच्या हातात डबोलं होतं.

कुंभारीच्या गोदूताई वसाहतीतून येणारी एक भगिनी आहे. बिडी कामगारांच्या त्या दहा हजार घरांपैकी एक तिचं. लग्न झाल्यापासून मांडीवर सूप घेऊन बिड्या वळते. बोलताना तिची बोटं रिकामीच पान दुमडत असतात, कात्रीच्या जागी अंगठ्याला घट्टा पडलाय. ती म्हणाली, "बाई, तिसरा दास खोटं काय बोलला? मालक कठोर आहे, पेरत नाही तिथं कापतो. आमचा मालकबी तसाच. आमच्या बिड्या छाटून बाजूला काढतो, त्याचे पैसे देत नाही, अन् त्या फेकतबी नाही."

कुणी काही बोललं नाही. तिचं म्हणणं हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतंच. दाखल्यातला धनी तो आरोप नाकारत नाही, त्याचेच शब्द परत म्हणतो. अलीकडच्या काही अभ्यासकांनी हा दाखला असाच वाचलाय, की तिसरा दास हा सावकारी चक्राला नकार देणारा एकटा माणूस आहे. शिवाय यहूदी शास्त्र्यांच्या परंपरेत ठेव जमिनीत पुरणं हीच सर्वांत निर्धोक राखण मानली जाई. म्हणजे त्याने नियमाबाहेर काही केलेलं नाही.

तरी मी त्या वाचनाला पूर्ण मान डोलावत नाही. तिसऱ्याने पैसा धन्याला वाढवून दिला नाही हे एक वेळ ठीक, पण त्याने तो गरजूलाही दिला नाही, कुणाच्या कामी लावला नाही. त्याने फक्त स्वतःला वाचवलं आणि कारणही तोच सांगतो: भीती वाटली. मी तिला म्हटलं, तुझा मालक कठोर आहे हे खरं, पण तू युनियनच्या मोर्चाला जातेस, पैसे पुरून बसत नाहीस. ती हसली. "मोर्चाला गेले की दिवस बुडतो," म्हणाली.

मॅच आपण हरलो. संध्याकाळी गल्लीत फटाके नव्हते.

गुरुवार, २३ नोव्हेंबर, कार्तिकी एकादशी

एसटी स्टँडवर पंढरपूरच्या गाड्यांना पाय ठेवायला जागा नाही. सांगोला, माळशिरस, माढा, करमाळा, बार्शी इथे दुष्काळ जाहीर झालाय, तरी वारी कमी झालेली नाही.

तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असं ना. वा. टिळक सांगत. त्यांचा बाप्तिस्मा १८९५ चा. त्या वाटेने उलट चालून पाहिलं तर पुंडलिक भेटतो. तिथे देव वेळेवर येतो आणि भक्तच म्हणतो, थांब, आईबापांची सेवा चाललीय. वीट फेकतो, यावर उभा राहा. आणि देव रागावत नाही. आमच्या दाखल्यात धनी येतो तेव्हा कारभारी वाढण्यात गुंतलेला सापडला तर धनी खूश होतो. पाळकसाहेबांना हे सांगितलं तर ते म्हणाले, वर्गात बोला, व्यासपीठावरून नको. बरं.

शनिवार, २५ नोव्हेंबर

मोहोळकडे जाताना रस्त्याकडेच्या कापलेल्या रानात धनगरांनी मेंढरं बसवली होती. आमच्या भागातली दख्खनी मेंढी बहुतेक काळी, उस्मानाबादी शेळीही काळीच. लांबून एकच काळा कळप. जवळ गेल्यावर शेपट्या दिसल्या: मेंढीची खाली लोंबलेली, शेळीची ताठ वर. धनगराच्या पोराला विचारलं, रात्री वेगळी करता का? "लहान करडं तेवढी डालग्यात," म्हणाला.

रविवार, २६ नोव्हेंबर

मेंढरं आणि शेरडं. राजा सहाच गोष्टी विचारतो: भुकेला, तहानेला, परका, उघडा, आजारी, तुरुंगातला. मत विचारत नाही, हजेरी विचारत नाही. आणि उजवीकडचे गोंधळून म्हणतात, आम्ही हे कधी केलं? त्यांना आपण तयार होतो हे माहीतच नव्हतं.

"माझे लहान बंधू" म्हणजे कोण, यावर भांडण जुनं आहे. काही जण म्हणतात, गावोगाव फिरणारे उपाशी शिष्य, बाकी जग नव्हे. मजकुरात सगळी राष्ट्रं जमलेली आहेत, त्यामुळे तेवढा अरुंद अर्थ मला घेववत नाही. मी डॉक्टर कोटणिसांचं नाव काढलं. १९१० साली याच गावात जन्मले, १९३८ मध्ये पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले, ९ डिसेंबर १९४२ रोजी बत्तिसाव्या वर्षी तिथेच संपले. ख्रिस्ती नव्हते. एक वडीलधारी भगिनी म्हणाल्या, "विश्वासावाचून नाही हो." मी म्हटलं, राजा कुणाला कुठे बसवतो ते त्याने आपल्याला विचारलेलं नाही.

पण अवघड जागा पुढेच होती. तुरुंगातल्याला भेटणं. सोलापुरात सेटलमेंट होती. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या छायेत जन्मानेच गुन्हेगार ठरवलेली कुटुंबं तारेच्या कुंपणात, हजेरीवर. कायदा रद्द व्हायला १९५२ उजाडलं. कुंपण सरकारचं होतं, पण आतलं कामकाज पाहणाऱ्यांत आमच्या मिशनचे लोक होते. त्यांनी शाळा चालवल्या, काम दिलं, आजार पाहिले. ते सगळं खरं. हजेरीही त्यांच्याच काळात घेतली जाई. कोठडीत भेटायला जाणं वेगळं आणि कोठडी सांभाळणं वेगळं. मंडळीच्या शताब्दीच्या पुस्तिकांत पहिल्यावर पानं असतात, दुसऱ्यावर ओळ नसते. वर्गात एकीचे आजोबा त्या कुंपणात वाढलेले. ती म्हणाली, "आजोबा मास्तरांना चांगलं म्हणायचे. तारेला नाही."

आज जास्त शिकवलं नाही.

गुरुवार, ३० नोव्हेंबर

गटावर नवी तारीख फिरतेय. मी उत्तरात सिव्हिल हॉस्पिटलचा विषय टाकला. रुग्णांचे नातेवाईक अक्कलकोट, दक्षिण सोलापूरच्या खेड्यांतून येतात आणि थंडीत बाहेर फरशीवर झोपतात. आठवड्यातून एक संध्याकाळ जेवण न्यायचं ठरलं. बाण पाठवणाऱ्या बंधूंनीच सर्वांत आधी रिक्षा देतो म्हणून कळवलं.

रविवारी, ३ डिसेंबरला, आगमनकाळ सुरू होतो. पाठ मार्काचा तेरावा अध्याय, द्वारपाळाचा दाखला. उपासनेनंतर वाचायची सूचना लिहून ठेवते: मंगळवारी संध्याकाळी साडेपाचला सिव्हिलच्या दारात जमायचं. प्रत्येकीने दहा कडक भाकऱ्या आणि शेंगाचटणी आणावी. रस्सा नको, सांडतो. जुन्या चादरी असतील तर धुऊन आणाव्यात.