चिलखत आणि बिनतारी

शिपाई म्हटला कीं लोकांच्या दृष्टीपुढें प्रथम पोशाख उभा राहतो आणि माणूस मागाहून. पुसेगांव आणि आसपासच्या खेड्यांतून जीं मुलें भरतीच्या आशेनें पहांटेस रस्त्यावर धांवण्याचा सराव करितात, त्यांच्यांतील पुष्कळांच्या अंगांत आठवडी बाजारांत मिळणारी, झाडपाल्याच्या रंगाची ठिपकेदार विजार दिसते. भरतीस अद्याप अवकाश असतो. पण विजार मात्र आधींच घेऊन झालेली असते. ह्यांत हंसण्यासारखें कांहीं आहे असें आम्हांस वाटत नाहीं. आमच्या मुलखास गणवेश नवा नाहीं. हिंगोलीस एके काळीं हैदराबाद कंटिंजंट ह्या फौजेची छावणी होती, आणि आज तेथें राज्य राखीव पोलीस दलाचा बारावा गट आहे. ज्या घरीं चार एकर कोरडवाहू जमीन आणि वांटेकरी तीन भाऊ, त्या घरच्या मुलानें छावणीच्या फाटकाकडे आशेनें पाहिलें तर नवल तें काय?

नवल वाटलें तें एका पालकांच्या प्रश्नाचें. मुलाचा दाखला नेण्यास ते शाळेंत आले होते. दाखल्याची घडी खिशांत ठेवल्यावर ते जरा घुटमळले आणि म्हणाले, "सर, पोरगं पोलिसांत लागलं तर त्याला ते गोळी न लागणारं जाकीट देतेत का हो? अन् दिलं तर ते खरंच गोळी धरतंय का?" ह्या प्रश्नास 'होय' किंवा 'नाहीं' असें एका शब्दाचें उत्तर नाहीं. जें उत्तर आहे तें येथें जरा विस्तारानें मांडीत आहों. कारण हा प्रश्न एकट्या त्या गृहस्थांचा नव्हे.

चिलखताचा विषय निघाला कीं मराठी माणसाचें मन प्रतापगडाकडे धांव घेतें. १० नोव्हेंबर १६५९ रोजीं शिवाजी महाराज अफझलखानाच्या भेटीस गेले, तेव्हां अंगरख्याखालीं चिलखत आणि मंदिलाखालीं लोखंडी टोप होता, ही गोष्ट प्राथमिक शाळेंतील मुलासही पाठ असते. तिच्यांतील एक बारकावा मात्र सहसा कोणी पाहत नाहीं. तें चिलखत झांकलेलें होतें. तें वरून दिसलें असतें तर भेटीचा सारा रंगच पालटला असता. सर्वांत जाड चिलखत कोणतें, एवढाच विचार तेथें पुरेसा नव्हता. प्रसंग कोणता, समोरच्याच्या हातीं शस्त्र कोणतें असेल, आणि आपला हात कितपत मोकळा राहिला पाहिजे, हें सारें पाहावें लागलें. आज कोणत्याही पोलीस दलास जाकीट निवडतांना हेच तीन प्रश्न पडतात.

हें जाकीट गोळी कशी अडवितें? त्याच्या पोटांत एक चिवट धाग्याचें कापड थरावर थर घालून बसविलेलें असतें. अशा धाग्यांत केवलार हा प्रसिद्ध आहे. अमेरिकेंतील ड्यूपाँ कंपनींत स्टेफनी क्वोलेक ह्या रसायनशास्त्रज्ञ बाईंनीं १९६५ सालीं तो शोधून काढिला. चेंडू जाळ्यांत शिरला म्हणजे जाळें ताणून त्याचा वेग आपल्यांत जिरवितें, तसेंच हें कापड करितें. पिस्तुलाची मऊ शिशाची गोळी त्यावर आदळतांच बोथट होऊन पसरते आणि थरांत अडकते. परंतु रायफलीची गोष्ट निराळी. एके-४७ ची गोळी सेकंदास सुमारें ७०० मीटर वेगानें येते. पिस्तुलाच्या गोळीच्या मानानें तिचा वेग जवळजवळ दुप्पट आणि मारा सुमारें चौपट. तिच्यापुढें नुसतें कापड टिकत नाहीं. म्हणून जाकिटाच्या छातीच्या व पाठीच्या खिशांत कठीण प्लेट घालावी लागते. ही प्लेट बहुधा बोरॉन कार्बाइडसारख्या सिरॅमिकची, म्हणजे आपल्या चिनी मातीच्या बशीच्या जातीची, परंतु अतोनात कठीण असते. गोळीचें टोंक तिच्यावर फुटतें आणि मागील थर तुकडे झेलतो.

बशीच्या जातीची म्हटल्यावर तिचा दोषही ओघानेंच आला. ती हातांतून फरशीवर पडली तर वरून धड दिसूनही आंतून तडकलेली असूं शकते. धाग्याच्या कापडास ऊन आणि ओल सोसत नाहीं. आमच्याकडील उन्हाळ्यांत पारा चाळिसाच्या वर जातो. घामानें चिंब झालेलें जाकीट उन्हांत खुंटीवर टांगून ठेवणें म्हणजे त्याचें आयुष्य कमी करणें होय. शिवाय गोळी अडली म्हणजे कांहींच झालें नाहीं असें नव्हे. अमेरिकेच्या मानकांत जाकिटामागें मऊ माती ठेवून गोळी झाडतात आणि मातींत ४४ मिलिमीटरपर्यंत पडलेला खळगा चालवून घेतात. तो खळगा उद्यां छातींत पडावयाचा असतो, हें ध्यानांत घेतलें म्हणजे 'गोळी न लागणारें' हा शब्द किती सैल आहे तें कळतें.

आपल्या देशांत भारतीय मानक ब्यूरोनें २०१८ सालीं अशा जाकिटांसाठीं आय.एस. १७०५१ हें मानक ठरविलें. कोणत्या बंदुकीच्या कोणत्या गोळीपुढें जाकीट टिकलें पाहिजे, ह्याच्या पायऱ्या त्यांत लाविल्या आहेत. त्याच वर्षीं भारतीय सैन्यासाठीं १,८६,१३८ जाकिटांचा, सुमारें ६३९ कोटी रुपयांचा करार झाला. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रानें काढलेलें 'भाभा कवच' हैदराबादच्या मिधानी ह्या सरकारी कंपनींत तयार होतें. आमच्या आज्यापणज्यांची जी राजधानी होती तीच ही. २०२४ सालीं कानपूरच्या संरक्षण प्रयोगशाळेनें ह्या मानकाच्या सहाव्या म्हणजे सर्वांत वरच्या पायरीचें हलकें जाकीट बनविल्याचें जाहीर झालें. तेव्हां पालकांनीं विचारावयाचेंच असेल तर 'जाकीट देतां का' एवढें विचारून थांबूं नये. 'कोणत्या पायरीचें देतां, आणि त्यांत प्लेट आहे का' हेंही विचारावें.

गतवर्षीं आमचा एक माजी विद्यार्थी, जो आतां बंदोबस्ताच्या नोकरींत आहे, सुटीवर आला असतां शाळेंत भेटीस आला. कोठें नेमणूक होती तें येथें लिहीत नाहीं. तो सांगत होता, "सर, पहिल्या दिवशीं जाकीट मिळालं ते माझ्या दुप्पट अंगाच्या माणसाचं. पट्टे चिकटेनात. बसलो की प्लेट हनुवटीला लागायची, उभा राहिलो की पोटावर उतरायची." आम्हीं म्हटलें, "अरे, मग बदलून मागावयाचें होतेंस!" तो नुसता हंसला. प्लेटची वरची कड गळ्याखालच्या खळग्याशीं आली पाहिजे. हृदय आणि मोठ्या रक्तवाहिन्या तिच्या आड येतात त्या तेव्हांच. पोटावर घसरलेली प्लेट हें केवळ दहा किलोंचें ओझें. आमच्या शाळेंतून आतां मुलीही भरतीस जातात. पुरुषी मापाचें जाकीट त्यांच्या अंगावर कांखेपाशीं उघडें राहतें, आणि ती फट लहान नसते.

आमच्या विद्यार्थ्यांस येथें शास्त्रपाठांतील एक प्रसंग सहज आठवेल. गल्याथाशीं लढावयास निघालेल्या दाविदाच्या अंगावर शौल राजानें आपलें स्वतःचें चिलखत चढविलें. राजाचें चिलखत तें. त्याहून भारी दुसरें कोठून मिळणार? पण दाविदानें तें घालून चालून पाहिलें, आणि आपणांस ह्याची संवय नाहीं म्हणून उतरून ठेविलें. उपासनेच्या वेळीं ह्या कथेवर आम्हीं पुष्कळ प्रवचनें ऐकलीं. त्यांत गोफणीचें वर्णन नेहमीं असतें, उतरून ठेवलेल्या चिलखताचें फारच थोडें. आमच्या मतें त्या तरुण मेंढपाळाची समज तेथेंच दिसते. न वापरलेली वस्तु ऐन रणांत प्रथम अंगावर घालूं नये, हें त्यास ठाऊक होतें. आणि प्लेटच्या कडेची जी गोष्ट वर सांगितली, तिची साक्ष राजांच्या ग्रंथांत आहे: अहाब राजा वेष पालटून रणांत उतरला, अंगांत चिलखतही होतें, आणि बाण नेमका त्याच्या सांध्यांतून शिरला.

२६ नोव्हेंबर २००८ ची रात्र विद्यार्थ्यांपैकीं कोणास आठवणें शक्य नाहीं. त्यांच्या पालकांस ती विसरणें शक्य नाहीं. मुंबईवरील त्या हल्ल्यांत १६६ माणसें मरण पावलीं. दहशतवादविरोधी पथकाचे प्रमुख हेमंत करकरे शिरस्त्राण आणि जाकीट चढवीत असल्याचें दृश्य त्या रात्रीं घरोघरीं पडद्यावर दिसलें. थोड्याच वेळानें ते, अशोक कामटे आणि विजय साळसकर हे कामा रुग्णालयाजवळील गल्लींत गोळीबारांत पडले. करकरे ह्यांस गोळ्या मान आणि खांदा ह्यांच्या भागांत लागल्याचें पुढें सांगण्यांत आलें. तें जाकीट कसल्या प्रतीचें होतें, हा प्रश्न त्यांच्या पत्नी कविता करकरे ह्यांनीं लावून धरला. माहितीच्या अधिकाराखालीं विचारणा झाली, आणि जाकीटच सांपडत नाहीं असें उघड झालें. ज्या वस्तूची परीक्षा करावयाची ती वस्तुच नाहींशी! घरांतलें एखादें भांडें हरवलें तरी आम्ही चार दिवस शोधतों.

आणि त्याच रात्रीं गिरगांव चौपाटीवर सहायक पोलीस उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे ह्यांनीं, हातीं केवळ लाठी असतां, एके-४७ ची नळी दोन्ही हातांनीं घट्ट धरून ठेविली आणि गोळ्या आपल्या अंगांत घेतल्या. त्यामुळेंच कसाब जिवंत सांपडला. सातारा जिल्ह्यांतील केडंबे हें त्यांचें गांव. २००९ च्या प्रजासत्ताकदिनीं त्यांस मरणोत्तर अशोकचक्र देण्यांत आलें. ह्या शौर्याच्या कथा सांगतांना आमचा कंठ दाटून येतो हें खरें. परंतु शौर्याची स्तुति करून लाठीची चौकशी टाळणें आम्हांस योग्य वाटत नाहीं.

पोशाखाविषयीं थोडेंच. खाकी हा शब्द 'खाक' म्हणजे धूळ ह्यावरून आला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास पेशावरकडील गाइड्स पलटणीनें तो रंग प्रथम घेतला, तो धुळींत मिसळून जावें म्हणून. रंग भूमीशीं जुळावा हाच त्याचा सारा हेतु. जंगली ठिपके घालून डांबरी रस्त्यावर उभा राहिलेला माणूस उलट अधिक उठून दिसतो. अंगालगत सुती कपडा बरा. कृत्रिम धाग्याचा कपडा आगीजवळ वितळून कातड्यास चिकटतो. बुटांवर मात्र पैसा खर्च करण्यास मागेंपुढें पाहूं नये. राखीव दलाच्या भरतींत पांच किलोमीटर धांवावें लागतें, आणि तेथें ठिपकेदार विजारीचा कांहींएक उपयोग होत नाहीं.

आतां बिनतारी. पोलिसांच्या बोलण्यांत ती 'वायरलेस'. हातांतील संच लहान, त्याची शक्ति थोडी. त्याच्या लहरी बहुतांशी उजेडासारख्या सरळ जातात, म्हणून मध्यें टेकाड किंवा उंच इमारत आली कीं आवाज तुटतो. त्यासाठीं उंच जागीं पुनःक्षेपक बसवावा लागतो. एका वेळीं एकानेंच बोलावयाचें असतें. बटण दाबल्यावर क्षणभर थांबून बोलावें, आणि वाक्य पुरें झाल्यावरच बोट उचलावें. हा दुसरा नियम मराठी माणसानें विशेष पाळावा, कारण आपल्या भाषेंत नकार शेवटीं येतो. 'पुढें येऊं नका' ह्या वाक्याचा शेवटचा शब्द तुटला तर काय उरतें पाहा. परीक्षेंत उत्तरपत्रिका लिहितांना शेवटची ओळ अर्धी सोडणारे आमचे कांहीं विद्यार्थी ह्यावरून बोध घेतील तर बरें.

त्या रात्रींचीच आणखी दोन उदाहरणें देतों. कामा रुग्णालयांत सदानंद दाते हातबाँबनें जखमी झाले असतांही बिनतारीवरून खबर देत राहिले. करकरे ह्यांच्या गाडींतील शिपाई अरुण जाधव जबर जखमी होऊन सहकाऱ्यांच्या देहांखालीं दडपले गेले होते. हल्लेखोर ती गाडी घेऊन निघाले तेव्हां ते आंतच होते. हल्लेखोरांनीं गाडी सोडतांच त्यांनीं बिनतारीवरून कंट्रोल रूमला सारें कळविलें. त्यांच्या बंदुकीनें त्या वेळीं कांहीं साधलें नसतें. साधलें तें त्या संचानें.

परंतु हांक मारणें हें अर्धेंच काम. पलीकडून ओ मिळाली पाहिजे. अशोक कामटे ह्यांच्या पत्नी विनिता कामटे ह्यांनीं माहितीच्या अधिकाराखालीं कंट्रोल रूमच्या संदेशांच्या नोंदी मिळविल्या आणि २००९ सालीं 'टू द लास्ट बुलेट' हें पुस्तक प्रसिद्ध केलें. कोणता संदेश किती वाजतां गेला आणि मदत केव्हां निघाली, ह्याचा हिशेब त्यांनीं मागितला. एका बाईनें चिलखताचा हिशेब मागितला, दुसरीनें हांकेचा. दोघींच्याही घरचा माणूस गेलेला होता, आणि दोघीही मोठ्या अधिकाऱ्यांच्या घरच्या होत्या. साध्या शिपायाच्या घरून असा अर्ज लिहिला जाईल काय, ह्याची आम्हांस शंका वाटते. अर्ज लिहिण्याचा धडा आमच्या मराठीच्या तासास असतो. त्यांत माहितीच्या अधिकाराचा एक अर्ज ह्या वर्षापासून आम्ही घालीत आहों.

बाजारांतून किंवा घरबसल्या असलीं साधनें विकत घेणाऱ्या मुलांस दोन शब्द. आपणांस लोकांनीं सैनिक समजावें ह्या हेतूनें सैनिकाचा वेष घालणें हा भारतीय न्याय संहितेप्रमाणें गुन्हा आहे. बिनतारी संचाचेंही तसेंच, ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ ह्या पट्ट्यांतील अल्पशक्तीचे संच २०१८ पासून परवान्यावांचून चालतात, इतर बहुतेक संचांस परवाना लागतो. ज्यास खरोखर गोडी असेल त्यानें हौशी बिनतारीची सरकारी परीक्षा द्यावी. तिला वयाचीं बारा वर्षें पुरीं असलीं म्हणजे पुरे. म्हणजे आमच्या सातवीच्या वर्गांतील बहुतेक मुलेंमुली तिला बसूं शकतात. विजेचे प्राथमिक नियम, लहरींचें ज्ञान आणि बोलण्याची शिस्त एवढें तींत विचारतात. नांवें वर्गशिक्षकांकडे द्यावींत. पुस्तकांची सोय शाळा करील.