रांजण आणि खळगे

काही शब्द आपल्याला वस्तूच्या कितीतरी आधी भेटतात. 'रांजणखळगे' हा त्यांपैकी एक. शाळेच्या भूगोलात, नदीच्या खननकार्याच्या पाठात, घळई आणि धबधबा यांच्या शेजारी तो बसलेला असे. पुढे मराठी शिकवू लागल्यावर या समासाचे निराळेच कौतुक वाटू लागले. शास्त्राला एका भूरूपासाठी नाव हवे होते आणि ते कुणा परिभाषाकाराने थेट घराच्या परसातून, पाण्याच्या थंडगार मातीच्या भांड्यापासून उचलले. परिभाषा नेहमीच अशी घरगुती नसते.

गेल्या हिवाळ्यात आम्ही मराठीचे तीन अध्यापक, भूगोलाचे एक सहकारी आणि काही विद्यार्थी निघोजला गेलो. हे गाव पारनेर तालुक्यातले. जिल्हा पूर्वीचा अहमदनगर, २०२४ पासूनचा अहिल्यानगर. कुकडीच्या अल्याड निघोज, पल्याड पुणे जिल्ह्यातील टाकळी हाजी. मळगंगेच्या देवळापासून पात्रापर्यंत चालणे थोडेच. मात्र पात्र दिसते तेव्हा पाऊल आपोआप थांबते. काळ्या कातळाचे पठारच्या पठार आतून पोखरलेले. कुठे ओंजळीएवढा खळगा, कुठे माणूस सहज मावेल असा. गावकरी याला नुसते 'कुंड' म्हणतात.

भूगोलाच्या सहकाऱ्यांनी कार्यकारणभाव सांगितला. हा बेसाल्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. कातळात एखादी भेग किंवा मऊ जागा असली, की पाण्याला तिथे भोवरा पडतो. भोवऱ्यात वाहून आलेले दगडगोटे अडकतात आणि पुराच्या जोराने गरगर फिरत कातळाला घासत राहतात. खळगा खोल होतो, गोटाही झिजतो. शेजारशेजारच्या खळग्यांमधल्या भिंती झिजून फुटतात, खळगे एकमेकांत मिसळतात आणि नदीला खोल वाट मिळते. अनेक खळग्यांच्या तळाशी ते गुळगुळीत गोटे अजून दिसतात. कारागिराने हत्यार कामाच्या जागीच ठेवून जावे, तसे.

ते गोटे पाहताना आम्हांला वाल्या कोळ्याची कथा आठवली. दर हत्येमागे एक खडा, आणि खड्यांनी भरलेले सात रांजण. तिथे खडा हा पापाचा हिशेब. रांजण आधीचा, खडा नंतरचा. इथे क्रम उलटा. आधी खडा, आणि त्याच्या फिरण्यातून रांजण.

हे बोलणे चालू असताना एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, पण रांजण म्हणजे नेमकं काय?" प्रश्न प्रामाणिक होता. तिच्या घरी पिंप आहे, टाकी आहे, शुद्ध पाण्याचे यंत्र आहे. आमच्यातल्या एकाने क्षणभर विचार केला आणि समोरच्या खळग्याकडे बोट दाखवले : "असा. गोल, खोल, पोट मोठं आणि तोंड लहान. फक्त मातीचा."

अलंकार शिकवताना प्रतीपाचे उदाहरण देणे नेहमी कठीण जाते. मुखाला चंद्राची उपमा न देता चंद्रालाच मुखाची उपमा द्यायची, उपमानालाच उपमेय करायचे. कुकडीच्या काठी तो अलंकार कोणत्याही कवीच्या मदतीवाचून घडला. ज्या भांड्यावरून खळगा समजावा म्हणून हे नाव दिले, ते भांडे समजावण्यासाठी आता खळगा दाखवावा लागला.

यात गंमत आहे, तशी चिंताही. पैठणला नाथांच्या वाड्यातला, श्रीखंड्याने पाणी भरला तो रांजण नाथषष्ठीच्या सुमारास आजही भाविक भरतात. ज्याने रांजण कधी पाहिलाच नाही, त्याला देव दुसऱ्याच्या घरी पाणी वाहतो या कल्पनेचे वजन खांद्यावर कसे जाणवावे? तळटीप अर्थ देते, वजन देत नाही. आमच्या अध्यापनाचा मोठा भाग अशा तळटीपांत जातो.

कुकडीवर वरच्या अंगाला माणिकडोह आणि येडगाव ही धरणे आहेत. पुराचा जोर आता पुष्कळसा त्यांच्या दरवाजांवर अवलंबून असतो. पाण्याचा जोर ओसरला तरी खळगा जागचा हलत नाही, त्याचा आकारही मोडत नाही. थांबते ते कोरणे. शब्दांचेही असेच होत असावे. व्यवहार आटला तरी शब्द कोशात शाबूत राहतो, पण त्याची खोली वाढायची थांबते.

परतताना ती विद्यार्थिनी म्हणाली, गावी आजीला विचारते, तिच्याकडे रांजण होता का. पुढच्या आठवड्यात तिने वर्गात सांगितले : होता, अंगणात अर्धा पुरलेला, आणि उन्हाळ्यात वाटसरूंसाठी त्यावर एक तांब्या उपडा असे. तो तांब्या कोणत्याही कोशात नव्हता. आम्ही तो त्या दिवशी फळ्यावर लिहिला.